पानेताई कॉलेज शोधतात

पानेताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. कपडे शिवायच्या त्या कारखान्यात एकशे साठ मशिनं होती आणि ती दुरुस्त करणारं माणूस एकच. कमरेच्या चामडी पट्ट्यात नऊ पाने, चार पेचकस, एक चिमटा आणि तेलाची बारीक चोचीची बाटली अडकवून त्या रांगारांगांतून फिरत, म्हणून त्या पानेताई. नव्याने लागलेल्या मुलींना ते आडनावच वाटायचं. एकदा एक मुलगी त्यांच्या ओळखपत्रावरचं नाव वाचून तडक कचेरीत गेली आणि तावातावाने सांगू लागली, "आमच्या पानेताईंच्या कार्डावर दुसऱ्याच कुणाचं नाव पडलंय!" कचेरीला ते दिवसभर हसायला पुरलं. पानेताईही हसल्या. घरी गेल्यावर मात्र त्यांच्या मनात आलं, की खऱ्या नावाने आपल्याला हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. भाऊ ताई म्हणतो, मालक पानेताई म्हणतात, आणि आई तर गेली.

तेव्हा त्यांचं वय सेहेचाळीस. वडील त्याच कारखान्यात मिस्त्री होते. शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली बसून पाने पुढे करता करता मुलगी शिकली. वडील अचानक गेले तेव्हा मालक म्हणाले, "दुसरा मिळेपर्यंत तू बघ जरा." ते 'जरा' चोवीस वर्षं चाललं.

कामाची रीत ठरलेली. मशीन बंद पडलं की बाई हात वर करी. पानेताई जात.

"काय झालं?"

"टाका सुटतोय." किंवा, "दोरा तुटतोय." किंवा नुसतंच, "बघा ना, रुसलंय."

मशीन उघडं असेपर्यंत चार शब्द व्हायचे. कुणाच्या मुलाचा खोकला, कुणाच्या सासूची कवळी. मशीन चालू झालं की बाईचं डोकं खाली, नजर सुईवर. पानेताईंशी लोक बोलायचे ते मशीन बंद असेपर्यंत. आणि त्यांचा हात इतका बसलेला, की पाचव्या मिनिटाला मशीन चालू व्हायचं.

अकरा वर्षांपूर्वी मालकांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून चाळीस जुनी जपानी मशिनं आणली. त्यांच्याबरोबर एक खोकं भरून पुस्तिका आल्या, सगळ्या जपानीत. विकणारा म्हणाला होता, इंग्रजी पुस्तिका मागाहून पाठवतो. त्या काही आल्या नाहीत. सतरा नंबरचं मशीन दर दहाव्या टाक्याला एक टाका गिळू लागलं, तेव्हा पानेताईंनी पुस्तिका उघडली. चित्र होतं, चित्रातल्या भागाकडे बाण होता, बाणाशेजारी शब्द होता. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी एक जाडजूड कोश आणला. त्यात अक्षर शोधायचं म्हणजे आधी त्याच्या रेघा मोजायच्या, मग त्या आकड्याचं पान काढायचं, मग बोट फिरवत खाली यायचं. अर्थ इंग्रजीत. सतरा नंबरला त्यांना आठ दिवस लागले. पण आठव्या दिवशी मशीन सुतासारखं सरळ चालू लागलं, आणि पानेताईंना वही घ्यावीशी वाटली.

एका वहीच्या बारा वह्या झाल्या. सुई या अक्षरात डावीकडे धातू आणि उजवीकडे दहा हा आकडा. तेल या अक्षरात पाण्याचे तीन थेंब. आवळा आणि सैल करा, दोन्ही अक्षरांच्या डाव्या बाजूला दोरा! ते पाहून तर त्या एकट्याच खूश झाल्या होत्या. ज्या कुणी हजारो वर्षांपूर्वी ही अक्षरं घडवली, त्या माणसालाही दोऱ्याचा ताण ठाऊक असणार. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं, पण सांगणार कुणाला? मशीन चालू होतं.

आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिचं खाणंपिणं, औषध, कूस बदलणं आटोपलं की पानेताई तिच्या पायथ्याशी वही घेऊन बसत.

"काय गिरवतेस गं रोज?" आई विचारायची.

"मशीनचं आहे."

"मशीन तरी बोलतं का तुझ्याशी?"

"थोडं थोडं बोलायला लागलंय."

आई गेल्यानंतर पायथा मोकळा झाला, डोकं मोकळं झालं, संध्याकाळ तर इतकी मोकळी झाली की तिचं काय करावं ते कळेना. आणि कारखान्यातही बदल आला. नवीन संगणकवाली मशिनं आली. ती बिघडली की कंपनीचा इंजिनिअर यायचा. असाच एकदा एक तरुण इंजिनिअर आला असताना पानेताईंची वही टेबलावर उघडी पडली होती. त्याने दोन पानं चाळली आणि सहज विचारलं, "मॅडम, जपानी कुठल्या कॉलेजात केलंत?"

"कुठल्याच नाही."

त्याला ते खरंच वाटलं नाही. "सांगायचं नसेल तर राहू दे," म्हणून हसला, चहा पिऊन निघून गेला. त्याच्या दृष्टीने विषय संपला. पानेताईंच्या डोक्यात मात्र तो प्रश्न काट्यासारखा अडकून बसला. कुठल्या कॉलेजात? पुढच्या रविवारी त्यांनी वहीच्या मागच्या पानावर तीन नावं लिहिली. पूर्व आशियाई भाषांत बी.ए. देणारी, बारावी पास कुणालाही घेणारी तीनच कॉलेजं त्यांना सापडली: एक शहरातलंच जुनं आणि नावाजलेलं, एक शहराबाहेरचं नवंकोरं, आणि एक तीन तासांवरच्या गावातलं.

भावाला फोन केला. तो दूरच्या शहरात औषधांच्या कंपनीत होता, आणि नेहमी गाडीतून बोलायचा.

"ताई, आता या वयात? आणि जपानीच का? संगणक शीक, अकाउंट्स शीक."

"अर्धं येतं मला."

"अर्धं म्हणजे?"

"वाचता येतं."

"मग झालं की! आणखी काय पाहिजे?" मागून हॉर्न वाजला. "ताई, उद्या करतो फोन. निवांत बोलू."

उद्याचा फोन पंधरा दिवसांनी आला, आणि त्यात कॉलेजचा विषय निघाला नाही.

जुन्या कॉलेजची इमारत दगडी होती आणि अर्ज मिळायची खिडकी इतकी खाली, की समोरच्याला वाकूनच बोलावं लागे. पानेताई वाकल्या.

"मुलीचा अर्ज का?" आतला कारकून म्हणाला.

"मुलगी नाही मला."

"बरं, भाचीचा?"

"माझाच."

कारकुनाने चष्मा वर केला, त्यांच्याकडे पाहिलं, आणि एकदम गडबडून एकाऐवजी दोन अर्ज दिले. "एक खराब झाला तर असू द्या," म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

पुढच्या शनिवारी माहितीसाठी सभा होती. सव्वाशे मुलंमुली. प्रत्येकाने उठून आपण ही भाषा का निवडतो ते सांगायचं. कुणाला गाणी आवडत, कुणाला मालिका, कुणाला चित्रकथा. एकीला तर एका गायकाशी लग्नच करायचं होतं, आणि तसं तिने माइकवर सांगूनही टाकलं. पानेताईंची पाळी आली. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "शिलाई मशीनमुळे."

सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं बाईंनी गंमत केली. पानेताई पण हसल्या आणि खाली बसल्या. पुढचं जे बोलायचं ठरवून आल्या होत्या ते तसंच राहिलं.

विभागप्रमुख भले गृहस्थ होते. वर्ग सकाळी आठ ते एक, हजेरी सक्तीची, नोकरी सांभाळून जमायचं नाही, पण वयाची आडकाठी काही नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. "तुमच्यासारखं कुणी आलं तर आम्हाला आनंदच आहे," असंही म्हणाले. नंतर पानेताई कँटीनमध्ये गेल्या. सहा खुर्च्यांच्या टेबलाशी चहा घेऊन बसल्या. एक मुलगा आला. "इथे कुणी बसलंय?" "नाही." त्याने खुर्ची उचलून मित्रांच्या टेबलाकडे नेली. मग एक मुलगी आली. "काकू, ही घेऊ?" "घे." कप संपेपर्यंत पाचही खुर्च्या गेल्या होत्या. सगळ्यांनी अगदी अदबीने विचारून नेल्या. मोठ्या टेबलाशी उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर बसून पानेताईंनी शेवटचा गार घोट घेतला आणि बशी स्वतःच खिडकीवर नेऊन ठेवली.

नव्या कॉलेजला जायला शहराबाहेर जाणारी बस होती. काचेची इमारत, थंडगार स्वागतकक्ष, टेबलावर गुळगुळीत कागदाची माहितीपत्रकं. तिथे प्रवेशाचं बघणारी एक मुलगी होती, चोवीस-पंचवीसची, मधासारख्या आवाजाची. शनिवार-रविवार वर्ग, नोकरी सोडायची गरज नाही, परदेशात सहल. पानेताईंचा नंबर तिने लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला.

"मॅडम, कशा आहात? चहा झाला का?"

पानेताईंनी गॅस बारीक केला. "होतोय," त्या म्हणाल्या.

"मग काय ठरवलंत?"

"विचार करतेय."

"करा मॅडम, आरामात करा. उद्या बोलू."

आणि तिने दुसऱ्या दिवशी खरंच फोन केला. तिसऱ्या दिवशीही. साडेसहाचा ठोका चुकायचा नाही. चहा झाला का, आज काम फार होतं का, गुडघा कसा आहे. गुडघ्याचं पानेताईंनीच सांगितलं होतं. आठवडाभरात त्यांच्या लक्षात आलं, की दिवसभरात काही मजेचं घडलं तर ते आपण साडेसहासाठी बाजूला काढून ठेवतो. एका बाईने शर्टाच्या बाहीला दुसरी बाही शिवून टाकली, ते त्यांनी असंच सांगितलं, आणि ती मुलगी फोनवर खळखळून हसली. तिला पगार मिळतो तो यासाठीच, हे पानेताईंना पुरतं ठाऊक होतं. तरी पाच वाजून गेले की त्या मनातल्या मनात वाक्य जुळवू लागायच्या.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे जपानी शिकवतं कोण?"

"नेमणुकीचं चालू आहे मॅडम. फार मोठी माणसं येणार आहेत."

"म्हणजे आत्ता कुणी नाही?"

"होईल मॅडम, वर्ग सुरू व्हायच्या आत नक्की होईल."

चोवीस वर्षं पानेताई मशिनं तपासत होत्या. बाहेरून चकचकीत आणि आत शटलच नाही, असं मशीन त्यांना ओळखू येत नव्हतं थोडंच! "मग मला नाही जमणार गं," त्या म्हणाल्या.

"ठीक आहे मॅडम. तुमचं नाव यादीतून काढते." आवाज तसाच गोड होता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पानेताई फोनजवळ बसल्या. पावणेसात झाले. सात झाले. त्यांनीच मग तो नंबर फिरवला. एका बाईचा ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, प्रवेशासाठी एक दाबा, वसतिगृहासाठी दोन दाबा. पानेताईंनी काहीच दाबलं नाही. आवाजाने तीनदा तेच सांगितलं आणि फोन आपोआप बंद झाला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, आणि सकाळी स्वतःवरच इतक्या चिडल्या, की कारखान्यात एका स्क्रूचं डोकं त्यांच्या हातून तुटलं. असं कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या कॉलेजला त्या जाणारच नव्हत्या. तीन तासांची बस, कोण जातंय! पण रजा टाकलेली होती, आणि घरात बसणं जास्त कठीण होतं.

गाव लहान. कॉलेज म्हणजे एक लांबोळकी दुमजली इमारत, पूर्वी कसलंसं गोदाम असावं. भाषा विभागाच्या खोलीत एक ठेंगणी, स्थूल बाई खोकत बसली होती. केस पांढरे, नाक लाल, समोर खोकल्याच्या गोळ्यांची डबी. त्याच विभागप्रमुख, त्याच जपानीच्या प्राध्यापक, आणि शिपाई रजेवर असल्याने त्या दिवशी विभागाचं कुलूपही त्यांनीच उघडलेलं.

"इथे काय नाही ते आधी सांगते," बाई म्हणाल्या. "ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं. नोकरी लावून द्यायची सोय नाही. मागच्या वर्षी तीन मुलं सोडून गेली. मी एकसष्ट वर्षांची आहे, अजून चार वर्षं आहे, पुढचं माहीत नाही. जपानीबरोबर दोन वर्षं चिनी घ्यावी लागते, ती शिकवायला एकजण आठवड्यातून दोनदा येतो. आता तुमचं सांगा."

पानेताईंनी पिशवीतून पुस्तिका काढली, पहिल्यापासून सांगितलं. या बाई हसल्या नाहीत. पुस्तिका उघडून त्यांनी पुढे केली. "वाचा."

पानेताईंनी बोट ठेवून वाचलं. "रोज काम सुरू करण्यापूर्वी बाणाने दाखवलेल्या जागी तेलाचे एक-दोन थेंब सोडावेत."

"हा अर्थ झाला. जपानीत वाचा."

पानेताईंनी पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं. ओळ त्यांना पाठ होती, डोळे मिटून लिहिता आली असती. तोंडातून मात्र काही निघेना.

"हा शब्द?" बाईंनी एका अक्षरावर नख ठेवलं.

"तेल."

"कसा म्हणायचा?"

"माहीत नाही."

"हा?"

"सुई."

"म्हणायचा कसा?"

पानेताईंचे कान तापले. अकरा वर्षांत हा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता. मोबाइलवर शोधलं असतं तर आवाज सापडला असता, पण शोधायचं असतं हेच सुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती अक्षरं सुट्या भागांसारखी होती. आकार ओळखला, जागा कळली, काम झालं. भागाला कुणी आवाज विचारतं का?

बाईंनी पुस्तिका आपल्याकडे ओढली, घसा साफ केला आणि मुखपृष्ठावरचा मोठ्या अक्षरांतला पहिला शब्द वाचला. "मिशिन."

"काय?"

"मिशिन. शिलाई मशीनला जपानीत मिशिन म्हणतात."

"अहो, आमच्या कारखान्यात अर्ध्या बायका असंच म्हणतात!" पानेताई एकदम मोठ्याने बोलल्या, आणि हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते थांबेना. बाईंनी काही विचारलं नाही. खोकल्याची एक गोळी पुढे केली आणि मघाचं ते पान वरपासून खालपर्यंत वाचत गेल्या. तेलाचं, सुई बसवायचं, दोरा ओवायचं. सर्दीने बसलेला, घोगरा आवाज. पानेताई ओळीवर बोट ठेवून ऐकत होत्या. इतकी वर्षं एका मुक्या माणसाबरोबर राहावं आणि त्याने अचानक तोंड उघडावं, तसं त्यांना झालं.

वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "खोटी आशा नको म्हणून सांगते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या कानात गाणी असतात, अक्षर एक येत नाही. तुमचं उलटं आहे. तुम्हाला वाटेल आपण पुढे आहोत. तसं नाही. तुम्हाला त्यांच्यापेक्षा जड जाणार आहे."

परतीच्या बसमध्ये पानेताईंनी जुन्या कॉलेजचे दोन्ही अर्ज घडी करून पिशवीच्या तळाशी घातले.

"घराजवळचं नावाजलेलं कॉलेज सोडून त्या गावात?" भाऊ म्हणाला. या वेळी तो गाडीत नव्हता. "ताई, काय आहे तिथे?"

"तिथे मला ऐकू आलं."

"काय ऐकू आलं?"

हे काही फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं. "प्राध्यापक बऱ्या आहेत," त्या म्हणाल्या.

मालकांनी आधी गंमत समजून उडवून लावलं, मग रागावले, मग शेवटच्या दिवशी स्वतः हॉलमध्ये येऊन मुख्य बटण बंद केलं. एकशे साठ मशिनं एकाच वेळी थांबली. कामाच्या वेळेत हॉल गप्प झालेला पानेताईंनी कधी ऐकला नव्हता. मग सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या, कुणाचं काही कळेना. पाच मिनिटांनी बटण पुन्हा चालू झालं.

गावात त्यांनी एका धुलाईच्या दुकानावरची खोली घेतली. खाली दुकानदार एकटाच इस्त्री करायचा, दिवसभर वाफेचा फुस्सकन आवाज यायचा आणि जिना नेहमी गरम कपड्यांच्या वासाचा असायचा. घर त्यांनी भाड्याने दिलं. वर्गात त्यांच्यासह अकरा जण. संभाषणाच्या तासाला जोड्या करायच्या. दहाजणांच्या पाच व्हायच्या आणि पानेताई उरायच्या. कुणी मुद्दाम करत नव्हतं. मुलं आपापल्या मैत्रीने बसत. मग बाई खुर्ची ओढून त्यांच्यासमोर येत, नाहीतर खोकला फार असला तर म्हणत, "आज तुम्ही भिंतीशी बोला." पानेताई खरंच भिंतीशी बोलत.

जड जाणार, हे बाईंचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं. पहिल्या लेखी परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि तोंडीत नापास झाल्या. सुईचा दांडा आणि दोऱ्याचा ताण त्यांना म्हणता येऊ लागला. पण 'तुम्ही कुठे राहता?' हे समोरून आलं, की कानात नुसता पसारा व्हायचा. चिनीच्या तासाला तर निराळीच कथा. अक्षरं ओळखीची, आवाज सगळे परके. एकदा सरांनी फळ्यावर दोन अक्षरं लिहिली, हात आणि कागद, आणि विचारलं, काय असेल? पानेताईंनी उत्साहाने हात वर केला. "पॉलिश पेपर! हाताने घासायचा." सर म्हणाले, जपानीत याचा अर्थ पत्र, चिनीत शौचालयातला कागद. वर्ग हसून हसून लोळला. त्या दिवशी मात्र पानेताईही सगळ्यांबरोबर मनापासून हसल्या, आणि सुट्टीत एका मुलीने स्वतःहून त्यांच्या शेजारी बसून अक्षरांच्या रेघांचा क्रम विचारला. पुढेही ती कधीमधी विचारायची. मैत्री म्हणण्याइतकं काही झालं नाही.

दुसऱ्या सहामाहीत कुटुंबाचा धडा आला. बाईंनी सांगितलं, जपानीत आईला दोन शब्द आहेत. परक्या माणसापाशी आपल्या आईबद्दल बोलताना 'हाहा'. आणि तिलाच हाक मारायची असेल, तर 'ओकासान'. "वहीत दोन रकाने करा," बाई म्हणाल्या. "बोलण्याचा आणि हाकेचा."

पानेताईंनी रकाने आखले. चौदाशे अक्षरं येत होती त्यांना. सुई, तेल, बोट, धोका, आवळणं, सैल करणं. आई हे अक्षर कुठल्याही पुस्तिकेत आलं नव्हतं. पहिला रकाना त्यांनी भरला. दुसऱ्या रकान्यात शब्द लिहिला, आणि त्यांचं पेन तिथेच थांबलं. हा शब्द आपल्याला नुसता परीक्षेपुरता पाठ करायचा आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं. शेजारची मुलं एकमेकांना 'ओकासान, ओकासान' करून चिडवत होती. जोड्यांचा तास सुरू झाला, तेव्हा त्यांनी भिंतीला सांगितलं, हाहा गेल्या वर्षी वारली. भूतकाळ चुकला होता. बाईंनी येता येता तो दुरुस्त केला आणि क्षणभर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या बाकाकडे गेल्या.

तीन वर्षं अशीच गेली. तोंडी परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, नंतरच्या सुटत गेल्या. पदवीच्या दिवशी भाऊ आला. फोटो काढले, हॉटेलात जेवण झालं. "आता परत येणार ना?" त्याने विचारलं. पानेताई म्हणाल्या, "बघते." त्याला संध्याकाळची गाडी होती.

त्या परतल्या नाहीत. मशिनं आयात करणाऱ्या एका कंपनीने त्यांना पुस्तिकांचं भाषांतर दिलं. ते खोलीत बसूनच करायचं असे. कागद टपालाने येत, टपालाने जात. पुढच्या वर्षी बाई निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या, आणि जाताना शनिवारचा नवख्यांचा लिपीचा वर्ग पानेताईंकडे सोपवून गेल्या. कॉलेज बरोबर निवडलं का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना एका शब्दात सांगता आलं नसतं. जुन्या कॉलेजात कदाचित चांगली नोकरी लागली असती. इथे जे ऐकू आलं ते तिथेही आलंच असतं, कदाचित लवकर. पण तिथे कुणी ते पान वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं नसतं, असं त्यांना वाटे.

शनिवार गेला की आठवडाभर जपानी बोलायला कुणी नसायचं. जीभ गंजू नये म्हणून त्या खोलीत एकट्याच मोठ्याने बोलू लागल्या: हवा कशी आहे, बाजारात काय मिळालं, आज किती पानं झाली. एका दुपारी कपडे घ्यायला खाली गेल्या, तर धुलाईवाल्याने इस्त्री उभी करून विचारलं, "वर पाहुणे आलेत का तुमच्याकडे? रोज बोलणं ऐकू येतं."

पानेताई ओशाळल्या. "नाही हो. मीच. सराव करते. त्रास होत असेल तर हळू बोलेन."

"छे छे," तो म्हणाला. शर्टाची कॉलर त्याने पालथी केली, तिच्यावरून हात फिरवला. "बायको गेल्यापासून दुपारी इथे वाफेशिवाय आवाज नसतो. थोडं मोठ्यानेच बोललात तरी चालेल. मला काय, कळत तर काही नाही."

पानेताईंनी कपडे घेतले आणि जिना चढून वर आल्या. खिडकीपाशी बसून बटाटे सोलायला घेतले. आणि सोलता सोलता, आज ऊन कसं आहे आणि वारा कुठून येतोय, ते जपानीत, रोजच्यापेक्षा जरा मोठ्याने सांगायला सुरुवात केली.